शेतात राबणारी बाई सायकल शर्यतीत जगज्जेती होऊ शकते का?

होऊ शकते, झालेली आहे. तुम्ही लिहिलंय की परभणीकडच्या तुमच्या पुतणीला लोक म्हणतात, 'खुरपं धरणाऱ्या हाताला शर्यती कशाला?' तिला बेरिल बर्टनबद्दल सांगा.

इंग्लंडच्या लीड्सजवळची ही बाई, जन्म 1937 चा. लहानपणी संधिवाताच्या तापानं कित्येक महिने दवाखान्यात होती. जास्त दमायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सायकलची गोडी नवऱ्यानं, चार्लीनं लावली. पुढं ती ऱ्हुबार्बच्या शेतात कामाला होती. ऱ्हुबार्ब म्हणजे आपल्या अंबाडीसारखी आंबट देठांची भाजी. दिवसभर वाकून, उचलून काम, अन् त्यातून वेळ काढून सराव. त्यावर सात जागतिक विजेतेपदं!

पण खरी गंमत 1967 ची. बारा तासांच्या शर्यतीत तिनं सुमारे 446 किलोमीटर कापले. म्हणजे परभणीहून निघून पुण्याच्याही पुढं. त्याच दिवशी माईक मॅक्नमारानं पुरुषांचा नवा विक्रम केला, तोही तिच्या आकड्याच्या मागंच राहिला. त्याला ओलांडताना बाईंनी त्याच्या हातात ज्येष्ठमधाची गोळी ठेवली!

स्वभाव मात्र कडक. 1976 मध्ये राष्ट्रीय शर्यतीत पोटच्या मुलीनं, डेनिसनं हरवलं, तर हात मिळवायलाही नकार. हे मला काही पटत नाही, पण जिद्द तिथूनच येत असावी.

ऑलिंपिक तिला लाभलं नाही; बायकांची सायकल शर्यत तिथं 1984 साली आली, तेव्हा ती सत्तेचाळिशीत होती.