आखडलेला खांदा आणि आखडलेले कोपर : दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : आईंचे वय 54 आहे, त्यांना मधुमेह आहे आणि त्यांचा उजवा खांदा सात महिन्यांपासून आखडला आहे. धाकट्या भावाचे कोपर वर्षापूर्वी पडल्यामुळे मोडले. हाड जुळले, पण हात पूर्ण सरळ होत नाही आणि नव्वद अंशांपुढे वाकतही नाही. दोघांनाही दुर्बिणीने सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया सुचवली गेली आहे आणि ती करून घ्यावी की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया मी करत नाही, परंतु ती झाल्यानंतर रुग्णाचा हात पहिल्यांदा हलवून घेण्याचे आणि पुढचे तीन-चार महिने त्याच्या पाठीशी राहण्याचे काम माझ्याकडे येते. त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने लिहिलेले आहे. प्रत्यक्ष तपासणी केलेल्या डॉक्टरांच्या निर्णयाची जागा ते घेऊ शकत नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते : दुर्बीण तीच असली, तरी आपल्या आईंचा प्रश्न आणि भावाचा प्रश्न एक नाही, आणि त्यांचा निर्णयही एकत्र घेऊ नये.

आधी खांदा. ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो, त्यात सांध्याभोवतीचे पातळ, सैल आवरण सुजते, जाड होते आणि आकसते. हे साधारणपणे चाळीस ते पासष्ट या वयात, स्त्रियांमध्ये अधिक आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असलेल्यांमध्ये बरेच अधिक आढळते. अमेरिकी शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये या दुखण्याला हे नाव दिले, आणि त्याची व्याख्या करणे, उपचार करणे व कारण सांगणे हे तिन्ही अवघड असल्याचे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. निदानाची एक खूण घरीही पाहता येते. आईंना कोपर कमरेशी टेकवून काटकोनात वाकवायला सांगा आणि पंजा बाहेरच्या दिशेला न्यायला सांगा. मग तीच हालचाल आपण स्वतः त्यांचा हात धरून अगदी हळुवार करून पाहा. फ्रोझन शोल्डर असेल, तर दुसऱ्याने हलवूनही हात जवळजवळ तेवढ्यावरच अडतो. स्नायूबंध फाटलेला असेल, तर रुग्णाला स्वतःला हात नेता येत नाही, पण दुसऱ्याला तो बऱ्यापैकी नेता येतो. तरीही एक्स-रे काढलेला असलाच पाहिजे, कारण सांध्याची झीज किंवा मागच्या बाजूला निखळून तसाच राहिलेला खांदाही नेमकी हीच हालचाल अडवतो.

या आजाराचा स्वभाव असा की, बहुतेकांमध्ये तो एक ते तीन वर्षांत आपोआप बराच ओसरतो. आधी तीव्र वेदनेचे महिने, मग वेदना कमी पण हात जखडलेला असे महिने, आणि नंतर हळूहळू मोकळेपणा. काहींना शेवटी थोडी अडचण राहते, आणि मधुमेह असलेल्यांना ती राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणून खांद्याच्या बाबतीत खरा प्रश्न ‘शस्त्रक्रियेशिवाय बरे वाटेल का’ एवढाच नसतो. ‘किती काळ थांबणे सोसवेल आणि त्या काळात साधे उपचार नीट झाले का’ हा असतो. साध्या उपचारांत सांध्याच्या आत स्टेरॉईडचे इंजेक्शन, सलाईन भरून आवरण ताणण्याची प्रक्रिया आणि शिस्तीने केलेला व्यायाम हे येतात. इंजेक्शन वेदनेच्या पहिल्या टप्प्यात सर्वाधिक उपयोगी पडते. त्याने मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढते, म्हणून त्या दिवसांत ती वरचेवर तपासावी लागते. एवढ्या भीतीने ते टाळू मात्र नये.

ब्रिटनमधील 35 रुग्णालयांत 503 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2020 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात फिरवून सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीने आवरण कापणे या तिन्हींची तुलना केली गेली. वर्षाअखेरीस तिन्ही गटांतील रुग्णांच्या स्थितीत, त्यांना स्वतःला जाणवावा एवढा मोठा फरक राहिला नाही. दुर्बिणीच्या गटात पुन्हा उपचार घ्यावे लागण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते, तर फिजिओथेरपीच्या गटात ते सर्वांत जास्त होते. मात्र ज्या दहा गंभीर गुंतागुंती नोंदवल्या गेल्या, त्यांतील आठ दुर्बिणीच्या गटातील होत्या. हा निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही. ती पहिल्या पायरीवर नसावी, एवढेच तो सांगतो. आपल्या आईंना इंजेक्शन दिले गेले आहे का आणि व्यायाम नियमितपणे कुणाच्या देखरेखीखाली झाला आहे का, हे आपण लिहिलेले नाही. ते झाले नसेल, तर मी आधी त्याचाच आग्रह धरेन. ते होऊनही रात्रीची झोप मोडत असेल आणि हात जागचा हलत नसेल, तर मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा चांगला पर्याय आहे.

ती करताना खांद्याच्या मागे सुमारे अर्ध्या सेंटीमीटरचे छिद्र पाडून जेमतेम चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालतात आणि पुढच्या छिद्रातून उपकरण नेतात. मी शस्त्रक्रियागृहात उभी राहून पडद्यावर हे पाहिले आहे. निरोगी सांध्याचे अस्तर फिकट आणि गुळगुळीत दिसते, तर या आजारात ते लालभडक, मखमलीसारखे आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले दिसते, आणि जागा इतकी अरुंद असते की दुर्बीण आत सरकवणेच कष्टाचे जाते. आधी पुढच्या-वरच्या भागातील जाड झालेला पट्टा सोडवतात, मग पुढचे आवरण, नंतर खालचे, आणि गरज असल्यास मागचे. खालच्या भागात हात हलका ठेवावा लागतो, कारण खांद्याचा गोल स्नायू चालवणारी अ‍ॅक्सिलरी नस (मज्जातंतू) आवरणाच्या अगदी खालून जाते. नुसती भूल देऊन हात फिरवण्याच्या पद्धतीत आवरण कुठे फाटेल यावर ताबा नसतो. क्वचित हाड मोडण्याचाही धोका असतो, आणि हाडे ठिसूळ असतील तर तो अधिक. दुर्बिणीचा खरा फायदा हाच की, आवरण डोळ्यांदेखत आणि हवे तिथेच कापले जाते.

आता कोपर, आणि इथे मी अधिक सविस्तर लिहिते, कारण भावाच्या बाबतीत वाट पाहून फारसे काही हाती लागणार नाही. दुखापतीनंतर आखडलेले कोपर वर्षभरानंतर आपणहून सुटत नाही. मुळात हा सांधाच आखडण्याकडे कललेला आहे. तीन सांधे एकाच आवरणात बसलेले, हाडे एकमेकांत घट्ट बसणारी, आणि पुढच्या आवरणाला लागूनच एक मोठा स्नायू. त्यामुळे दुखापतीचे रक्त आणि सूज यांचे रूपांतर तिथे फार लवकर घट्ट व्रणात होते. शिवाय दुखरे कोपर माणूस साधारण सत्तर-ऐंशी अंशांत वाकवून धरतो, कारण त्या स्थितीत सांध्यात सर्वाधिक द्रव मावतो आणि ताण कमी वाटतो. तिथेच ते गोठते. हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश धरले, तर रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांची हालचाल पुरते, असे अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवले, आणि आजही आम्ही तेच लक्ष्य मानतो. काही अंश हात सरळ झाला नाही तरी माणूस निभावून नेतो. पण नव्वदच्या पुढे वाकला नाही, तर तोंड धुणे, केस विंचरणे, फोन कानाला लावणे हे सगळे अडते. आपला भाऊ नेमका तिथे अडला आहे.

अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मायकल बर्मन यांनी 1931 मध्ये मृतदेहांवर दुर्बिणीचे प्रयोग केले, तेव्हा कोपराची पोकळी फार अरुंद असल्याने हा सांधा दुर्बिणीसाठी अयोग्य असल्याचे मत त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी ते त्यांनी बदलले. त्यांची पहिली शंका निराधार नव्हती. शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी सांध्यात सुईने सलाईन भरतात, म्हणजे आवरण फुगते आणि पुढच्या बाजूच्या नसा हाडापासून जरा दूर सरकतात. आखडलेल्या कोपरात मात्र आवरणच आकसलेले असल्याने फारच थोडे पाणी मावते. म्हणजे जिथे संरक्षणाची सर्वाधिक गरज, तिथेच ते कमी मिळते. पुढे बाहेरच्या बाजूला रेडियल नस आवरणाला जवळजवळ चिकटून असते आणि आतल्या बाजूला हाडामागच्या खोबणीत अल्नर नस असते. म्हणून खांद्याची दुर्बीण करणारे डॉक्टर बरेच असले, तरी कोपराची नियमितपणे करणारे कमी आहेत. ‘आपण आखडलेल्या कोपराच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?’ हा प्रश्न भावाने संकोच न करता विचारावा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

त्याआधी सीटी स्कॅन झालेला असावा. अडथळा केवळ आवरणाचा असेल, किंवा खाचेत वाढलेली हाडाची लहान टोके अडत असतील, तर ती दुर्बिणीतून घासून काढता येतात. परंतु सांध्याभोवती नवे हाड मोठ्या प्रमाणावर तयार झाले असेल, सांध्याचा पृष्ठभागच वेडावाकडा जुळला असेल, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत अल्नर नस जागेवरून हलवलेली असेल, तर टाक्यांची रांग मोठी झाली तरी उघडी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते. छिद्रे लहान असावीत, हा हट्ट रुग्णाने धरू नये. आणि भूल देऊन कोपर जोराने वाकवण्याचा पर्याय कुणी सुचवला, तर दुसरे मत जरूर घ्यावे. खांद्याला जे चालते ते कोपराला चालत नाही. त्याच कारणाने कोपर जोरात चोळून किंवा दुसऱ्याकडून ताणून घेणे आजपासूनच बंद करावे. त्याने आत नवी सूज आणि नवा व्रण तयार होतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल एक अनुभव सांगते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे कोपर शस्त्रक्रियेच्या टेबलावर 130 अंशांपर्यंत वाकले होते. तिसऱ्या दिवशी मी कोनमापक लावला, तर ते 95 वर आले होते आणि त्याचा चेहरा पडला होता. कोपराची घडी सुजून टणक झाली होती आणि त्याला वाटत होते की सगळे वाया गेले. मी त्याला हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवायला, बर्फाने शेकायला, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला आणि जागेपणी दर तासाला स्वतःच्या स्नायूंच्या बळावर दहा वेळा वाकवून सरळ करायला सांगितले. रात्री एक दिवस वाकवलेल्या आणि एक दिवस सरळ स्थितीत पट्टी बांधायची, असे ठरले. आठव्या आठवड्यात 120 अंश झाले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हालचाल थोडी मागे जाणे हे अपेक्षितच असते, आणि हे ज्याला आधी सांगितलेले नसते, तो नेमका त्याच दिवसांत व्यायाम सोडतो.

खांद्याचा क्रम याहून सोपा आहे. बधिरीकरण उतरले की झोळी काढायची, उताणे झोपून दुसऱ्या हाताने दुखरा हात डोक्यामागे न्यायचा, काठीच्या आधाराने पंजा बाहेर वळवायचा. हे दिवसातून चार-पाच वेळा, निदान सहा आठवडे. आईंनी त्याआधी साखर आटोक्यात आणलेली असावी, म्हणजे जखम भरण्यात अडचण येत नाही.

तेव्हा आईंसाठी तारीख ठरवण्याआधी इंजेक्शन आणि सहा ते आठ आठवड्यांचा देखरेखीखालील व्यायाम झाला आहे याची खात्री करा. भावासाठी मात्र सीटी स्कॅन आणि कोपराचा अनुभव असलेल्या डॉक्टरांची भेट आताच ठरवा आणि भेटीत अल्नर नसेबद्दल आवर्जून विचारा. कोपर शंभर अंशांपर्यंतही वाकत नसेल, तर ते अचानक मोकळे केल्यावर ही नस ताणली जाते, म्हणून तिला त्याच वेळी सोडवून घ्यावे लागते. ते झाले असो वा नसो, नंतरच्या आठवड्यांत करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा वाढत गेला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.