वाचकांचे प्रश्न: रेझिनच्या लघुमूर्ती जोडताना

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न रेझिनच्या किटबद्दलचे आहेत, आणि बरेचसे प्लास्टिकच्या विमान-रणगाड्यांकडून रेझिनकडे वळलेल्यांचे आहेत. दोन्ही पदार्थांचा स्वभाव अगदी वेगळा असल्यामुळे उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : ७५ मिमीच्या उभ्या सैनिकाचं किट घेतलं आहे. सुटे भाग हाताला किंचित तेलकट लागतात. जोडण्याआधी ते धुवावेच लागतात का? (सांगली)

हो, धुवावेच लागतात. हे भाग सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून काढलेले असतात. भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून आत एक तेलकट द्रव फवारतात आणि त्याचा थर भागावर राहतो. त्यावर गोंद धरत नाही. रंग तेव्हा बसल्यासारखा दिसतो, पण पुढे नखानेसुद्धा पापुद्रे निघतात आणि दोष रंगाला दिला जातो.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि भाग दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग मऊ टूथब्रशने कपड्यांच्या चुण्या, केसांच्या बटा, पट्ट्यांच्या कडा हलक्या हाताने घासा. साध्या पाण्याने दोनदा खळबळून रात्रभर वाळू द्या. हात, तलवारीची मूठ, बकलं असले बारीक भाग चहाच्या जुन्या गाळणीत ठेवूनच धुवा, म्हणजे ते मोरीत वाहून जाणार नाहीत. पाणी उकळतं नको, पातळ भाग वाकतात.

धुण्याआधी सगळे भाग किटवरच्या चित्राशी ताडून पाहा. एखादा भाग कमी किंवा मोडका असेल तर तेव्हाच विक्रेत्याला कळवा. कापाकापी झाल्यावर बहुतेक जण बदलून देत नाहीत.

प्रश्न : भागांना जाड ठोकळे चिकटलेले आहेत. निपरने (भाग कापायच्या छोट्या पकडीने) कापताना पायाच्या टाचेचा तुकडाच उडाला. शिवाय बारीक छिद्रं आहेत, ती कशी बुजवायची? (ठाणे)

त्या ठोकळ्यातून रेझिन साच्यात ओतलेलं असतं. रेझिन प्लास्टिकपेक्षा ठिसूळ असतं. निपरची दोन पाती दोन्हीकडून दाब देतात, तेव्हा जाड भाग चिरला न जाता फुटतो, आणि तडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून २ मिमीपेक्षा जाड ठोकळा बारीक दातांच्या छोट्या करवतीनेच कापा. मूर्तीपासून मिलिमीटरभर अंतर राखा आणि उरलेलं कानशीने उतरवा. टाचेचा उडालेला तुकडा सापडला असेल तर फेविक्विकच्या एका थेंबाने परत बसतो.

साच्याच्या दोन अर्ध्यांमधली रेघ काढायला ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड उत्तम. पातं पृष्ठभागाशी जवळजवळ काटकोनात धरून खरवडा, सोलू नका. सोलायला गेलं की पातं आत शिरतं. नंतर वॉटर पेपर : ४०० नंबरने सुरुवात, मग ६००, शेवटी ८००. प्रत्येक वेळी कागद पाण्यात भिजवून घासा. हे निव्वळ गुळगुळीतपणासाठी नाही. रेझिनची कोरडी धूळ अतिशय बारीक असते आणि फुफ्फुसात जाते. ओलं घासलं तरी करवत आणि कानस चालवताना एन९५ मास्क लावा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये.

छिद्रं म्हणजे ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात टाचणीनेच फेविक्विकचा थेंब सोडा. बरेच जण वर खाण्याचा सोडा टाकतात. गोंद क्षणात घट्ट होतो खरा, पण तो रेझिनपेक्षा कडक होतो. मग घासताना आजूबाजूचं रेझिन झिजतं आणि मधे उंचवटा उरतो. त्याऐवजी गोंदात चिमूटभर टाल्कम पावडर कालवा. ते सावकाश सुकतं, पण एकसारखं घासलं जातं. मोठ्या खड्ड्यांना दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी हवी. एम-सील तळासाठी आणि आतल्या पोकळीसाठी चालतं. चेहरा आणि कपड्यांसाठी मात्र मॉडेलच्या कामाची बारीक पुट्टीच घ्या.

प्रश्न : तलवार आणि भाल्याचा दांडा वाकलेला आला आहे. (नागपूर)

६० ते ७० अंश सेल्सिअस पाण्यात पातळ भाग अर्धा ते एक मिनिट धरा. चिमट्यानेच, बोटांनी नाही. मऊ झाला की सपाट काचेवर ठेवून सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. एका दमात नाही झालं तर पुन्हा करा, जोर लावू नका.

भाल्याच्या दांड्याबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे : तो फेकून द्या आणि पितळी तार वापरा. रेझिनचा लांब बारीक दांडा नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा वाकणारच. भाल्याचं टोक तेवढं कापून तारेवर बसवा.

प्रश्न : प्लास्टिकच्या किटचा गोंद वापरला, पण हात दोनदा गळून पडला. पिन घालायची म्हणजे नेमकं काय? (कोल्हापूर)

प्लास्टिकचा गोंद पॉलिस्टायरीन, म्हणजे त्या किटचं प्लास्टिक, विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. पॉलियुरेथेन रेझिनवर त्याची ही क्रिया होतच नाही. नुसता कोरडा थर बसतो. रेझिनला सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, किंवा दोन ट्यूबांचा इपॉक्सी लागतो. पहिला गोंद ताणाला चांगला, पण धक्क्याला कच्चा. म्हणून वजन पेलणाऱ्या प्रत्येक जोडात दोन्ही भागांत छिद्र पाडून आत तार घालतात. हीच पिन.

आधी दोन्ही भाग गोंदाशिवाय जुळवून पाहा. फट दिसली तर कुठे टेकतंय ते शोधा आणि तेवढंच घासा. जोड कोरडा बसत नसेल तर गोंदाने बसणार नाही. मग खांद्याच्या मध्यावर ओल्या रंगाचा बारीक ठिपका द्या, हात योग्य कोनात एकदाच टेकवा आणि काढा. ठिपका हातावर उमटतो आणि दोन्हीकडच्या छिद्रांच्या जागा मिळतात. तिथे टाचणीने खूण करा, म्हणजे ड्रिल सरकणार नाही.

७५ मिमीच्या मूर्तीच्या हाताला ०.८ मिमीची पितळी तार आणि १ मिमीचं ड्रिल पुरतं. छिद्र जरा मोठं ठेवल्यामुळे कोन थोडा हलवता येतो आणि गोंदालाही जागा मिळते. दोन्ही बाजूंना ४ ते ५ मिमी खोल जा. ड्रिल बोटांनी फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये धरा. विजेच्या वेगवान ड्रिलने रेझिन वितळून पात्याला चिकटतं. दर दोन-तीन वेढ्यांनी ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. तार आधी हातात चिकटवा, वाळू द्या, पुन्हा कोरडं जुळवा आणि मगच खांद्यात इपॉक्सी भरा. पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी वापरला तरी पूर्ण ताकदीसाठी २४ तास थांबा. घोट्यापासून तळापर्यंत मात्र १.५ मिमीची तार घाला, कारण सगळं वजन तिथे येतं.

गोंद जास्त झाला की जोडाभोवती पांढरी पूड जमते. ती गोंदाच्या वाफेची असते. कमी गोंद आणि खेळती हवा हाच उपाय. हात वाकडा चिकटला असेल तर मूर्ती पिशवीत बांधून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने सायनोअॅक्रिलेट ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने जोड सुटतो. इपॉक्सीच्या जोडाचा यावर भरवसा नाही.

छातीवर आडवा येणारा हात किंवा पाठीवरची ढाल आधी चिकटवू नका. तारेवर वेगळं धरून रंगवा, नाहीतर मागच्या चुण्यांपर्यंत ब्रश पोहोचणार नाही.

प्रश्न : थ्रीडी प्रिंटरवर काढलेली मूर्ती विकत घेतली. काही आठवड्यांनी पाठीला तडा गेला आणि चिकट द्रव झिरपतोय. (पुणे)

हे रेझिन वेगळं. ते अतिनील प्रकाशाने घट्ट होतं. मूर्ती पोकळ छापली असावी आणि आतलं ओलं रेझिन बाहेर काढायला छिद्र ठेवलेलं नसावं. ते आतून दाब देतं आणि कवच फुटतं. उघड्या हातांनी धरू नका. ओल्या रेझिनची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की जात नाही.

नायट्राइलचे हातमोजे घाला. तळाला ३ मिमीची दोन छिद्रं पाडा, एक द्रव निथळायला, दुसरं हवा आत यायला. इंजेक्शनच्या सिरिंजने आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडून दोन-तीनदा खळबळा. दिवसभर वाळू द्या. छिद्रातून अतिनील दिव्याचा बारीक टॉर्च आत दाखवा, मग तडा पुट्टीने बुजवा. धुतलेलं अल्कोहोल बेसिनमध्ये ओतायचं नाही. पारदर्शक बरणीत, झाकण लावून, मुलांपासून आणि आगीपासून दूर, उन्हात ठेवा. रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं, ते गाळून काढा. वरचं अल्कोहोल पुढच्या धुण्याला चालतं.

प्रश्न : जुलैमध्ये प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला तर खरखरीत पांढुरका थर आला. (मुंबई)

हवेतल्या दमटपणाने. स्प्रे प्रायमर पावसाची उघडीप असेल अशा दुपारी मारा, किंवा पावसाळाभर ब्रशने लावायचा अॅक्रिलिक प्रायमर वापरा. डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून पातळ हात द्या आणि दोन हातांमध्ये निदान १५ मिनिटं जाऊ द्या. आलेला खरखरीत थर जाड नसेल तर पूर्ण वाळल्यावर १००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने उतरतो. चेहऱ्यावर मात्र कागद चालवू नका; तिथे जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घ्या, आणि तेवढ्याने निघालं नाही तर चेहऱ्यापुरता प्रायमर काढून पुन्हा लावा.