कॅम्पर व्हॅनमध्येच कायम राहायचं असेल तर आधी काय काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की तुम्हा नवराबायकोनं सेकंड हँड कॅम्पर व्हॅन घेतलीय, फ्लॅट भाड्यानं देऊन कायम तिच्यातच राहायचं ठरवलंय, तर सुरुवातीला कुठल्या अ‍ॅक्सेसरीज घ्यायलाच पाहिजेत, आणि सोबत अमेरिकन लोकांची चाळीस-पन्नास वस्तूंची यादी पण टाकलीय. वाचली सगळी. यादी चांगली आहे, खरं ती तिकडची आहे.

आमचं सांगतो म्हणजे मी कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये होतो, आता नोकरी सोडली. जुनी १७ सीटर ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, आत ओटा, पलंग, टाकी सगळं करून घेतलं आणि हे तिसरं वर्ष आम्ही दोघं त्यातच राहायलोय. कधी खानापूर-जांबोटी, कधी निपाणी-संकेश्वर, कधी चोर्ला घाट उतरून गोवा, आणि मधून मधून सासरवाडीचं अंगण, ते आमचं हेडक्वार्टर.

तर अमेरिकेत काय असतं, आर.व्ही. पार्कात, म्हणजे असल्या राहायच्या गाड्या लावायच्या तळावर, जागा घेतली की गाडीशेजारी खांबावर ३० नाहीतर ५० अँपिअरचा ठरलेला सॉकेट, ठरलेल्या आट्यांचा नळ आणि घाण सोडायला जमिनीत पाइपचं तोंड. म्हणून त्यांच्या यादीत पाण्याच्या प्रेशरचा रेग्युलेटर, घाणीचा लांबलचक पाइप, त्याला खालून उतार द्यायचं स्टँड असलं सगळं पहिल्या पानावर. हिकडं कुठं आहे ते? हिकडं आज धाबा, उद्या पेट्रोल पंप, परवा देवळाचं आवार, नाहीतर पाहुण्यांचा वाडा, आणि प्रत्येक ठिकाणचा नळ वेगळा, प्रत्येक ठिकाणचा प्लग पॉइंट वेगळा. त्यामुळं माझ्या मते तुमची पहिली अ‍ॅक्सेसरी म्हणजे एक दणकट पिशवी, तिच्यात जोडायच्या वस्तू. सोलर, फ्रीज, टीव्ही सगळं नंतर.

पिशवीत वीज आधी. २५ मीटर केबल घ्या, तीन कोअर तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम, एका टोकाला १६ अँपिअरचा मोठा प्लग आणि सोबत मोठ्याचा छोटा करणारा अ‍ॅडॉप्टर, कारण निम्म्या ठिकाणी ६ अँपिअरचाच पॉइंट मिळतो. बरेच जण म्हणतात आपल्याकडं ३० अँपिअर मिळत नाही मग कसं भागणार. अहो तिकडं १२० व्होल्ट, त्यांचे ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॅट. आपल्याकडं २३० व्होल्ट, १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट. त्यांचं जेवढं तेवढंच आपलं, खरं समोरचं वायरिंग तेवढं सोसणारं पाहिजे, म्हणून दुसऱ्याच्या पॉइंटवर गीझर आणि इंडक्शन एकदम लावायचं नाही. आणि केबल लोड घालताना पूर्ण उलगडून टाकायची, गुंडाळी तशीच ठेवली की आतल्या आत तापते, आमची एकदा हाताला चटका बसण्याइतकी तापलेली.

आता महत्त्वाचं. पहिल्या पावसाळ्यात एका धाब्यावर रात्री थांबलो, मालकानं चांगल्या मनानं पॉइंट दिला, आणि बायको अनवाणी खाली उतरून दाराची कडी धरते तर हाताला झिणझिण्या. गाडीचा सगळा पत्रा करंट मारत होता. सकाळी बघितलं तर कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंगला जोड मारलेली आणि मागून फेज-न्यूट्रल उलटे झालेले, म्हणजे अर्थच्या पिनेत थेट फेज. गंमत म्हणजे तीन दिव्यांचा जो सॉकेट टेस्टर मिळतो तो मी लावला होता आणि त्यानं सगळं बरोबर दाखवलं, असल्या उलट्या जोडणीत तो फसतो. गाडीतला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, तो पण पडला नाही कारण तो अर्थची वायर तोडतच नाही. हे पकडतो कोण तर वायरमनच्या खिशात असतो तो साधा स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर. आता माझा नियम, कुठंही प्लग घालायच्या आधी टेस्टर अर्थच्या भोकात घालायचा, जरा जरी पेटला तरी मालकाला नमस्कार करून आपली बॅटरी वापरायची. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचाच आहे, व्होल्टेज कमी-जास्त झालं की तोडणारा प्रोटेक्टर पण घ्या, खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज कुठल्या कुठं जातं. खरं टेस्टर आधी.

पाण्याचं त्यामानानं सोपं. पिण्याच्या पाण्याचा म्हणून मिळतो तो हाफ इंची पाइप १५ मीटर, बागेचा हिरवा नको, पाण्याला रबराचा वास येतो. नळाला बसायला आट्यांचे दोन-तीन साइजचे कनेक्टर, आणि आटे नसलेल्या गोल नळावर चढवायला रबरी तोंड आणि क्लिप. हे रबरी तोंड दोन घ्या, एक हरवतंच. पाइप आणि टाकीच्या मध्ये गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा फिल्टर. आणि २० लिटरचे दोन कॅन, कारण कित्येक ठिकाणी नळ गाडीपासून लांब आडाजवळ असतो आणि मग तुम्ही, कॅन आणि तुमची कंबर. पिण्याचं पाणी आम्ही वेगळंच ठेवतो, अथणी-चिकोडी बाजूचं बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतो, खानापूरकडं आलं की पुन्हा गोड.

संडासाबद्दल कुणी स्पष्ट लिहीत नाही म्हणून लिहितो. कॅसेट टॉयलेट (खालची घाणीची टाकी काढून नेता येते ते) नाहीतर पोर्टेबल टॉयलेट घ्या, खालची टाकी २० लिटरच्या आसपासची, दोघांना तीन-चार दिवस जाते. ती रिकामी करायची ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, शेताच्या बांधावर नाही आणि ओढ्यात तर अजिबात नाही, ज्यानं जागा दिली त्याच्या विहिरीत जायचं ते. त्यात घालायचं औषध बायो म्हणजे एन्झाइमवालं घ्या, फॉर्मल्डिहाइडवालं सेप्टिक टँकमधले जंतू मारतं आणि मग पाहुणे पुढच्या वेळी गेट उघडत नाहीत. लांब हातमोजे, वेगळी बादली, वेगळा मग, तीन्ही लाल रंगाचे, म्हणजे चुकून स्वयंपाकात यायला नको (आमच्यात एकदा मग आलेला, त्यावर घरात अजून बोलणं होतं).

बॅटरीवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि सगळ्यात कमी हिशेब करतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे अडीच युनिट, बस्स. २००० वॅटचं इंडक्शन त्यावर तास-सव्वा तास चालेल आणि मग अंधार. म्हणून स्वयंपाक गॅसवर, बॅटरीवर पंखा, दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल आणि छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज, तो दिवसाला अर्धा-पाऊण युनिट खातो. सोलर ४०० वॅट घातलं तर चांगल्या उन्हात दीड युनिट येतं, खरं पावसाळ्यात कणकुंबीकडं जाऊन बघा, जिथं मलप्रभा उगवते तिथं, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पॅनल नुसतं धुऊन निघतं. त्यासाठी इंजिनवरून चार्ज करणारा डीसी टू डीसी चार्जर घ्या, ३० अँपिअरचा असला तर दोन तास गाडी चालली की साठ अँपिअर-अवर आत जातात. माझ्याकडं पैसे मोजके असते तर पॅनल अर्धे केले असते आणि हा चार्जर आधी घेतला असता.

गॅसला ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली फरशीवर साचतो, म्हणून गॅसचा अलार्म खाली पायाजवळ लावायचा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपतो तिथं उशीच्या उंचीला. नळी नारंगी सुरक्षा होज, तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदला. गाडी हलवायच्या आधी रेग्युलेटर बंद. आग विझवायचा २ किलोचा एबीसी सिलिंडर दाराजवळ, पलंगाखाली नव्हे. थंडीत शेगडी पेटवून दार लावून झोपायचा विचार तर मनात पण आणू नका.

बाकी बारीकसारीक. गवंड्याकडं असते ती पाणसळ एक, आणि चाकाखाली घालायला लाकडी फळ्या, गाडी तिरकी असली की रात्रभर माणूस घसरत असतो, ओट्यावरचं पाणी भलतीकडं जातं. (तुमच्या गाडीत गॅसवर चालणारा जुना फ्रीज असेल तर त्याला गाडी सपाट लागतेच, कॉम्प्रेसरवाल्याला एवढं लागत नाही.) उटीला, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायला, दगड शोधत बसू नका, रबराचे दोन ठोकळे ठेवा. मल्टिमीटर, फ्यूजचा डबा, एम-सील, इन्सुलेशन टेप, झिप टाय. जॅक घेताना कंपनीनं दिलेल्यावर विश्वास नको, तुमच्या भरलेल्या गाडीचं वजन किती ते बघून घ्या.

आणि ते वजन कळायला काटा. आमच्या भागाचा हा फायदा, ऊस आणि कारखाने असल्यानं वजनकाटे भरपूर. पाण्याची टाकी भरून, कपडे-भांडी-गॅस सगळं घालून, दोघं आत बसून गाडी एकदा काट्यावर घाला आणि आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून बघा. आम्ही घातली तेव्हा मर्यादेला टेकलेलो. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो हे आपल्याला माहीत असतं, खरं डोक्यात येत नाही. त्या दिवशी मिक्सर, दुसरा गॅस, लोखंडी तवे आणि माझा अर्धा टूलबॉक्स सासरवाडीला उतरवला. आता घाटात जाताना टाकी निम्मीच.

दुसऱ्या राज्यात फार दिवस राहणार असाल तर हे पण बघा. निपाणी सोडून कागल लागलं की राज्य बदलतं, आम्हाला ते रोजचंच, खरं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथलं रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. आणि सेकंड हँड आहे म्हणता तर आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते आज रात्रीच बघा. आधीच्या मालकानं नुसतीच आत सुतारकी करून ठेवली असेल आणि आरटीओची परवानगी घेऊन कलम ५२ प्रमाणे नोंद केली नसेल तर इन्शुरन्सच्या वेळी तोंडघशी पडाल. हे अ‍ॅक्सेसरीत येत नाही, माहीत आहे.

तुमच्या यादीतलं काय घेऊ नका विचाराल तर बाहेर अंथरायचा गालिचा, लायटिंगच्या माळा, घडीचं वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, आणि ती भिंतीला लावायची मसाल्याची चुंबकी डबी, चोर्लाच्या दुसऱ्या वळणावर हळद-तिखट सगळं पलंगावर. गादीखाली मात्र पट्ट्यांचा पलंग नसेल तर काथ्याची चटई घाला, नाहीतर जुलैपर्यंत गादी खालून काळी पडते, आमची पडली, टाकून द्यावी लागली. आणि छतावर हवा बाहेर ओढणारा १२ व्होल्टचा फॅन, दोन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ रात्रभर पत्र्यावर धरते आणि पहाटे कपाळावर ठिबकते.

पहिला महिना गाडी स्वतःच्या बिल्डिंगखाली लावून त्यातच झोपा, स्वयंपाक पण त्यातच करा, वर फ्लॅटमध्ये जायचं नाही. भाडेकरू त्यानंतर बघा. काय काय लागलं आणि काय हातात पण घेतलं नाही ते कागदावर लिहा, आणि ती यादी इथं टाकलात तर बघून सांगतो की.