केबी पेशी खरोखर तोंडाच्या कर्करोगाच्या आहेत का?

प्रश्न : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी असून, एका वनस्पतीच्या अर्काचा तोंडाच्या कर्करोगावर काय परिणाम होतो हे मला प्रकल्पात तपासायचे आहे. आमच्या प्रयोगशाळेत ‘केबी’ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला एकाच मूळच्या पेशींचा वंश) आहे आणि जुन्या शोधनिबंधांत ती तोंडाच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे अस्तरातील चपट्या पेशींच्या कर्करोगाची म्हणून दिलेली आढळते. ती वापरावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, या कामासाठी ती वापरू नये. अमेरिकी संशोधक हॅरी ईगल यांनी १९५५ मध्ये केबी पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून नोंदवल्या होत्या, परंतु आज आपल्या हाती असलेल्या केबी पेशी म्हणजे हेला पेशीच आहेत, हे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या या पेशी इतक्या झपाट्याने वाढतात, की त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या बाटलीत गेला तरी काही आठवड्यांत मूळ पेशी नाहीशा होऊन केवळ हेला उरतात, आणि बाटलीवरचे नाव मात्र जुनेच राहते.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. लॅक्स यांची गाठ नंतरच्या तपासणीत ग्रंथीपेशींच्या कर्करोगाची, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा ठरली. त्यामुळे हेला मुळात स्क्वॅमस प्रकारातच बसत नाही. शिवाय तिच्यात एचपीव्ही-१८ या विषाणूची जनुके आहेत. त्यांतील ई६ हे प्रथिन पेशीतील पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश करते, तर तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात बहुधा पी५३चे जनुकच बिघडलेले असते. तुमच्या अर्काने केबी पेशी मेल्या, तरी गुटखा खाणाऱ्या रुग्णाच्या गालातील गाठीविषयी त्यावरून काहीही सांगता येणार नाही, आणि आपल्याकडे हाच आजार इतका मोठा असताना ही चूक मला फार गंभीर वाटते.

जिभेच्या गाठींपासून तयार केलेल्या एससीसी-४, एससीसी-९ किंवा एससीसी-२५ या सेल लाइन्स तुम्हाला चालतील. मुंबईत टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत भारतीय रुग्णाच्या तोंडातील गाठीपासून तयार झालेली एडब्ल्यू-१३५१६ ही सेल लाइन मिळाली, तर अधिक चांगले. मागणीसाठी प्रथम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे विचारणा करावी. दुसऱ्या प्रयोगशाळेतून ओळखीवर बाटली आणू नये. पेशी आल्यावर लगेच काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवाव्यात आणि प्रकल्पाच्या आरंभी व शेवटी एसटीआर तपासणी (डीएनएतील पुनरावृत्त तुकड्यांवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्यावी. या तपासणीत मूळ नोंदीशी किमान ८० टक्के जुळणी असल्यासच पेशी त्याच वंशाच्या मानल्या जातात. मायकोप्लाझ्मा या पेशीसंवर्धनात शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची तपासणी वेगळी करावी लागते, कारण एसटीआरमध्ये तो संसर्ग दिसत नाही.

केबीवर काही प्रयोग आधीच झाले असतील, तर ते टाकून देण्याची गरज नाही. मात्र प्रबंधात त्या पेशी हेला असल्याचे स्पष्ट लिहावे.