सी++20 मध्ये कंपाइल होतानाच 100 नावं जोडून एक स्ट्रिंग करायची आहे. लूपमध्ये + वापरला की कंपायलर रखडतो. काय करू?

आधी एकूण लांबी मोजा, मग नेमक्या तेवढ्या कॅरेक्टर ॲरेत अक्षरं एकदाच भरा. + दर फेरीला नवी स्ट्रिंग बनवून आधीचं सगळं पुन्हा कॉपी करतो: 10 अक्षरी 100 नावांना 1000 ऐवजी 50,500 अक्षरं, आणि कंपायलर हे सगळं एकेक पायरी तपासत चालवतो. += (आहे त्याच स्ट्रिंगला पुढे जोडणं) आणि रिझर्व्हनेही (जागा आधीच राखून ठेवणं) वेळ वाचतो, पण कॉन्स्टएक्स्प्रमध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच चालवता येणाऱ्या कोडमध्ये, घेतलेली हीप मेमरी (गरजेनुसार मागून घेतलेली जागा) तिथल्या तिथे सोडावी लागते, म्हणजे शेवटी ॲरेत उतरवणं आलंच. लांबी कंपाइलच्या वेळी ठरायला हवी, म्हणून यादी फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून न देता टेम्प्लेट पॅरामीटर (कंपाइलच्या वेळीच ठरलेली किंमत) करा. शेवटच्या शून्याची (स्ट्रिंग संपल्याची खूण, '\0') एक जागा धरा, हमखास विसरते. पाच-दहाच नावं असतील तर मात्र + चालू द्या.