१८ लाखांची परमनंट नोकरी की तेवढ्याच पैशांचं कॉन्ट्रॅक्ट, २०२५ च्या बजेटनंतर टॅक्समध्ये काय फरक पडतो?

बजेटनंतर १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून सगळे खूश झाले, पण खरी मजा कॉन्ट्रॅक्टवाल्याची आहे बघा. नोकरीत १८ लाखांतून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा, बाकी १७.२५ लाखांवर न्यू रेजिममध्ये सेस धरून १,५०,८०० रुपये टॅक्स. तेच तुम्ही इंजिनिअर किंवा आयटी कन्सल्टंट म्हणून ४४एडीए (ठराविक व्यावसायिकांसाठीचं आयकराचं कलम) खाली दाखवलंत तर निम्मी रक्कम म्हणजे ९ लाखच उत्पन्न धरतात, आणि ते १२ च्या आत, त्यामुळे टॅक्स शून्य! क्लायंट आधी १० टक्के टीडीएस कापतो, म्हणजे १.८ लाख अडकतात, रिटर्न भरलं की रिफंड येतो, पण तोवर घरचा ईएमआय कुठून भरायचा ते बघा.

आता दुसरी बाजू. कंपनीचा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी सुट्टी नाही, मेडिक्लेम स्वतःचा. वर्षाचं बिलिंग २० लाखांपुढे गेलं की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. आणि काम नोकरासारखंच, फक्त कागदावर कन्सल्टंट, असं असेल तर आधी सीएला अ‍ॅग्रीमेंट दाखवा. मी तरी १८ ला १८ वर नोकरी सोडणार नाही, २२-२३ मागेन.