आईचं बोट नव्या फोनला लागत नाही, फिंगरप्रिंट काढून पिनच ठेवू का?

काढू नका. आधी स्क्रीनगार्ड काढून बघा.

तुम्ही लिहिलंय की आई चार घरची धुणीभांडी करतात, जुना फोन अंगठा लावला की लगेच उघडायचा, नवा दहा वेळा दाबला तर एकदा उघडतो. दुकानदाराने "त्यांची बोटंच घासलीत, फोन ओके आहे" म्हणून वाटेला लावलं. मी मिरजेत गेली चौदा वर्षं मोबाईल दुरुस्त करतो. त्याने सांगितलं ते अर्धंच खरं आहे.

बोटं घासतात, हे बरोबर. साबणाच्या पाण्यात नि घासणीच्या तारेत रोज हात असले की टोकावरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, बारीक चिरा जातात. गवंड्यांचं तेच, सिमेंटने. पण बोटं तर जुन्या फोनच्या वेळीही हीच होती ना? फरक सेन्सरमध्ये आहे. तुमच्या जुन्या फोनला तो मागे किंवा बाजूच्या बटणावर असणार. तिथे बोट सेन्सरच्या अगदी अंगावर टेकतं आणि रेषेचा उंचवटा कुठे, खाच कुठे, हे तो विजेच्या बारीक फरकावरून ओळखतो. नव्या फोनला तो स्क्रीनच्या खाली आहे. बोट ठेवल्यावर तिथे गोल उजेड पडतो बघा, तो शोभेचा नाही. त्या उजेडात खालचा बारका कॅमेरा बोटाचा फोटो काढतो. 2018 च्या सुरुवातीला विवोने असा पहिला फोन विकायला आणला, आता पंधरा-वीस हजारांच्या फोनलाही हाच प्रकार येतो. म्हणजे बोट आणि कॅमेरा यांच्यामध्ये काच आली, काचेवर गार्ड आलं, गार्डखाली हवा नाहीतर धूळ आली. त्यात कोरडं बोट काचेला नीट चिकटत नाही आणि फोटो पुसट येतो.

म्हणून पहिलं काम, गार्ड काढून नुसत्या काचेवर चालतंय का बघा. चाललं तर दोष गार्डचा. पातळ, त्याच मॉडेलचं गार्ड लावा आणि लावल्यावर जुनी बोटं डिलीट करून नव्याने घ्या. हे लोक करत नाहीत आणि माझ्याकडे भांडायला येतात.

गार्डने उलटाही घोळ होतो. 2019 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस10 वर इंग्लंडमधल्या एका बाईंनी स्क्रीनवर स्वस्तातलं जेलचं कव्हर लावलं, तर फोन त्यांच्या नवऱ्याच्या बोटानेही उघडायला लागला. फोनने बोटाऐवजी कव्हरवरची नक्षीच ओळखीची धरली होती. कंपनीला अपडेट काढावं लागलं.

बोट नोंदवताना घाई करू नका. कामावरून आल्या आल्या नको आणि अंघोळ झाल्या झाल्याही नको, भिजलेल्या बोटाला सुरकुत्या असतात. हाताला थोडं खोबरेल चोळा, पुसून टाका, मग घ्या. उजव्या अंगठ्याचा हट्ट सोडा. तो सगळ्यात जास्त झिजलेला असतो. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका घ्या, माझ्या अनुभवात कष्टाच्या हातात तीच सगळ्यात शाबूत सापडते. आणि तेच बोट दोन वेगळ्या जागी दोनदा नोंदवा, एकदा सरळ, एकदा तिरकं धरून. फोनला काय, दोन बोटं वाटतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बोटाचा ठसा कंपनीकडे जातो का. जात नाही. फोन बोटाचा फोटो साठवत नाही, त्यावरून काढलेली खुणांची गणिती नोंद ठेवतो, तीही चिपच्या एका बंद कप्प्यात. बँकेच्या अ‍ॅपला फक्त "जुळलं" किंवा "नाही जुळलं" एवढंच कळतं. आधारची गोष्ट वेगळी, तिथे ठसे सरकारच्या मध्यवर्ती साठ्यात आहेत. रेशनच्या मशीनवर लावलेला अंगठा तिकडे जाऊन जुळवला जातो. दोन्ही एकच समजून लोक फोनला घाबरतात आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आपले ठसे दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून लावायचं कुलूप, मात्र कुणी करत नाही.

फसवता येतं का? येतं. 2013 मध्ये आयफोन 5एस बाजारात आला आणि दोन-तीन दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या मंडळींनी काचेवरच्या ठशाचा फोटो काढून त्यावरून नकली बोट बनवून तो उघडून दाखवला. पण आईच्या फोनसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार? खरा धोका झोपलेल्या माणसाचं बोट. 2017 मध्ये दोहाहून बालीला निघालेल्या विमानात एका बाईंनी झोपलेल्या नवऱ्याचं बोट लावून फोन उघडला, आत नको ते सापडलं, आणि विमान चेन्नईला उतरवावं लागलं.

बोट ठेवा, तरी पिनही आईंना पाठ हवाच. का, ते सांगतो. गेल्या दिवाळीत एक आजी आल्या. लेकीकडे गेल्या होत्या, चार्जर घरीच राहिला, फोन दोन दिवस बंद. चालू केला तर पिन मागतोय. पिन नातवाने टाकलेला, तो पुण्यात, त्यालाही आठवेना. आजी अंगठा दाबून दाबून म्हणतायत, "अंगठा माझाच हाय की रं, मग उघडंना का?" काय सांगणार! फोन बंद होऊन चालू झाला की आतला सगळा डेटा कुलपात असतो आणि ते पहिलं कुलूप फक्त पिनने उघडतं. त्याच्या आधी बोट चालतच नाही, ते मुद्दामच तसं केलंय. मला फोन रिसेट करावा लागला. नातीच्या बारशाचे फोटो गेले. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त नवा पिन माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि घरी जाऊन गॅसचा नंबर ज्या वहीत लावतात तिच्या शेवटच्या पानावर चिकटवला.

तुमच्या आईंचा पिन त्यांनी स्वतः ठरवू दे, सहा आकडी, जन्मसाल नको. आठवड्यातून एकदा मुद्दाम फोन बंद करून त्यांच्याकडूनच चालू करून घ्या.

आणि पुढे कधी स्क्रीन फुटली तर स्वस्तातला कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र असलेला तयार भाग, टाकू नका. त्यात बऱ्याचदा एलसीडी असते, तिच्या मागच्या बॅकलाइटमधून खालच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मग बोट कितीही चांगलं असलं तरी लागणार नाही.